मेकॅनिकलमधून प्रोग्रॅमिंगकडे: नोकरी सोडून शिकावे की नोकरी करता करता?

हिंगण्याचा यंत्री (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:१०

नमस्कार. मी २०२३ साली नागपुरातूनच मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेव्हापासून हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. हातात महिन्याला २१,००० रुपये येतात आणि शैक्षणिक कर्जाचे दीड लाख अजून फेडायचे आहेत. काम वाईट नाही आणि वरिष्ठही समजूतदार आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात तपासणीचे अहवाल एकत्र करण्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तेव्हापासून कारखान्यातून घरी परतल्यावर मला दुसरे काहीच करावेसे वाटत नाही.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, ज्यासाठी नोकरी सोडावी लागेल. दुसरी म्हणजे शहरातील एक खासगी क्लास, जो ९०,००० रुपये घेऊन नोकरीची हमी देतो. तिसरी म्हणजे नोकरी न सोडता स्वतःच अभ्यास करणे. माझे बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून यंत्रकारागीर म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की चार वर्षे शिकलास ते पाण्यात घालू नकोस. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःलाच उत्तर हवे आहे: ही चार वर्षे आणि कारखान्यातली दोन वर्षे खरोखर वाया जातील का?

खामलेकर, रविवार, रात्री १०:५२

मी सिव्हिलचा आहे. अंतिम वर्षात महाविद्यालयात आलेल्या एका मोठ्या आयटी कंपनीने सर्व शाखांच्या मुलांची परीक्षा घेतली, तिच्यात मी निवडला गेलो आणि गेली पंधरा वर्षे याच क्षेत्रात आहे. त्या वाटेने येणाऱ्याला कंपनीच पगार देऊन शिकवते, त्यामुळे माझे परिवर्तन सोपे होते. तुमची ती वेळ निघून गेली आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. आता तुम्हाला स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या वेळेत शिकायचे आहे, म्हणून आधी कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि सहा महिन्यांची गंगाजळी यांचा हिशेब मांडा आणि मगच राजीनाम्याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट. कारखान्यातील दोन वर्षे प्रोग्रॅमिंगचा अनुभव म्हणून बहुतेक ठिकाणी धरली जाणार नाहीत. तुम्हाला फ्रेशर म्हणूनच सुरुवात करावी लागेल, आणि सुरुवातीचा पगार आजच्या पगारापेक्षा फार मोठा असेल असेही समजू नका.

अनामिक वाचक, रविवार, रात्री ११:०५

तो प्रोग्रॅम नेमके काय करतो आणि लिहिताना कुठे अडलात, हे आधी सांगा. सल्ला त्यावर अवलंबून आहे.

हिंगण्याचा यंत्री, सोमवार, सकाळी ६:२०

आमच्याकडे प्रत्येक बॅचमधील नगांची मापे तपासनीस वेगवेगळ्या एक्सेल फाइलींत भरतात. ती सर्व उघडून, प्रत्येक माप टॉलरन्समध्ये, म्हणजे मान्य फरकाच्या मर्यादेत, आहे की नाही हे पाहून ग्राहकाला पाठवायचा एक अहवाल तयार करण्यात माझे रोजचे दोन तास जात. प्रोग्रॅम हे काम काही सेकंदांत करतो.

अडलो ते अशा ठिकाणी, जिथे अडेन असे स्वप्नातही वाटले नव्हते. एका जोडणीत ०.१ आणि ०.२ मिलिमीटर जाडीच्या दोन शिम (पातळ चकत्या) एकावर एक बसतात आणि एकूण जाडीची कमाल मर्यादा ०.३ आहे. माप अगदी मर्यादेवर होते, म्हणजे नग पास व्हायला हवा होता, पण प्रोग्रॅमने तो नापास केला. दोन रात्री मी माझे तर्कशास्त्र तपासत राहिलो. शेवटी बेरीजच छापून पाहिली, तर ती ०.३ नसून ०.३०००००००००००००००४ आली. त्यानंतर मी सर्व मापे मिलिमीटरऐवजी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग), पूर्णांक म्हणून साठवू लागलो. १०० आणि २०० यांची बेरीज ३०० येते आणि प्रश्न मिटतो.

जुना विजेचा अभियंता, सोमवार, दुपारी १:४०

हा शेवटचा परिच्छेद वाचून मला मनापासून आनंद झाला. बेरीज अशी का चुकली हे शोधलेत की नाही ते लिहिलेले नाही, म्हणून सांगतो. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो. जसा एक तृतीयांश आपल्याला दशमान पद्धतीत ०.३३३ असा कधीही पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, म्हणून त्याची जवळची किंमत साठवली जाते आणि बेरजेत ती चूक वर येते. १९८५ सालच्या आयईईई ७५४ या मानकाने ही पद्धत सर्वत्र सारखी केली. पैशांचे हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहिणारे लोक अनेकदा रुपयांऐवजी पैशांत पूर्णांक ठेवतात ते याच कारणाने. तुम्ही तेच स्वतः शोधून काढलेत.

वडिलांच्या प्रश्नाबद्दल. अभियंता आणि प्रोग्रॅमर ही दोन वेगळी माणसे आहेत ही समजूत फारशी जुनी नाही. १९५७ साली आयबीएमने फोरट्रान ही भाषा आणली ती शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्या गणितांसाठीच. आपल्या वऱ्हाडातले उदाहरण द्यायचे तर डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. त्यांनी १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. ज्या सी-डॅकचा तुम्ही विचार करत आहात, तिथवर नागपूरचा एक अभियंता आधीच जाऊन पोहोचला आहे, हे बाबांना जरूर सांगा.

वैदर्भी, सोमवार, रात्री ९:१५

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन, पुण्यात राहून सी-डॅकचा पीजी-डॅक (प्रगत संगणनाची पदविका) हा अभ्यासक्रम केला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून मिळतो आणि ती वर्षातून दोनदा होते. कोणत्याही शाखेच्या अभियंत्याला ती देता येते. माझ्या वेळी परीक्षेचे अ, ब आणि क असे विभाग होते. अ विभागात इंग्रजी, गणिती क्षमता, तर्क आणि संगणकाची प्राथमिक तत्त्वे येत. ब विभागात सी भाषा, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना), ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग अशा गोष्टी. आणि क विभाग एम्बेडेड (यंत्रांत बसवलेले संगणक) किंवा व्हीएलएसआय (चिपची रचना) यांकडे जाणाऱ्यांसाठी असे. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा ब विभागात होते, कारण पहिल्या वर्षी शिकलेली सी भाषा तोपर्यंत विसरलेली असते. तिच्यासाठी तीन महिने नेटाने दिले तर क्रमांक चांगला येतो. केंद्राची निवड क्रमांकावर होते, आणि कॅम्पस मुलाखतींच्या वेळी केंद्राने फरक पडतो असा माझा अनुभव आहे.

एकदा प्रवेश घेतला की सकाळपासून रात्रीपर्यंत व्याख्याने आणि प्रयोगशाळा असतात. आमच्या तुकडीतील एक मुलगा घरून छोटे काम करून खर्च भागवू पाहत होता, त्याला दुसऱ्याच महिन्यात ते सोडावे लागले. शुल्काखेरीज पुण्यातील खोली आणि मेसचा खर्च धरा. परीक्षा मात्र नोकरी न सोडता देता येते, आणि निकालानंतर निर्णय घेता येतो. मी तुमच्या जागी असते तर हाच क्रम ठेवला असता.

खामलेकर, सोमवार, रात्री ९:४४

वैदर्भीताईंशी पूर्ण सहमत आहे. परीक्षेला बसणे म्हणजे नोकरी सोडणे नव्हे, हा मुद्दा माझ्या प्रतिसादातून सुटला होता.

नंदनवनची अभ्यासिका, सोमवार, रात्री ११:३०

९०,००० रुपयांच्या हमीबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो आहे. मी अशाच एका क्लासला पैसे भरले होते. पहिले दोन महिने शिकवणे चांगले होते. त्यानंतर आम्हाला सांगण्यात आले की फ्रेशरला कोणी घेत नाही, तेव्हा बायोडाटात अडीच वर्षांचा अनुभव दाखवा, कंपनीचे पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या आम्ही पुरवतो. आमच्यापैकी काहींनी ते केले. मी केले नाही आणि माझे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. ज्यांनी केले त्यांच्यातील एकाला नोकरी मिळाली, आणि पार्श्वभूमी पडताळणीत खोटेपणा उघड झाल्यावर चार महिन्यांनी काढून टाकण्यात आले. तो माझा जवळचा मित्र होता. त्यानंतर वर्षभर त्याने कुठेच अर्ज केला नाही, कारण ते चार महिने दाखवावेत की लपवावेत हेच त्याला कळेना.

सगळे क्लास असेच असतात असे मी म्हणत नाही. परंतु पैसे भरण्यापूर्वी ‘हमी’ या शब्दाचा अर्थ लेखी मागा आणि गेल्या तुकडीतील चार मुलांशी संस्थेच्या बाहेर भेटून बोला.

गायत्रीनगर, मंगळवार, सकाळी १०:०५

मी आयटी पार्कमधील एका कंपनीत नव्या लोकांच्या मुलाखती घेतो. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कदाचित निराश करणारे वाटेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतरच्या काळात नवख्यांना देण्याजोगी छोटी कामे आमच्या गटात कमी होत गेली. एखादा फॉर्म करणे, दोन फाइलींतील माहिती जुळवणे, चाचण्या लिहिणे अशा कामांतून पूर्वी नवा मुलगा सहा महिन्यांत तयार होई. आता त्यातील बरेचसे यंत्राकडून करून घेतले जाते. म्हणून दोन वर्षे हाताशी असलेले काम सोडून या क्षेत्राच्या दारात येऊन उभे राहण्यासाठी ही वेळ चांगली नाही, असे मला वाटते.

वैदर्भी, मंगळवार, सकाळी ११:२०

गायत्रीनगर, नवख्यांची कामे कमी झाली असतील तर आपण आता मुलाखतीत काय पाहता, हेही सांगावे. तेच या मुलाला उपयोगी पडेल.

गायत्रीनगर, मंगळवार, दुपारी २:३५

योग्य प्रश्न आहे. पूर्वी आम्ही कोड लिहायला सांगत होतो. आता बहुतेक वेळा तीस-चाळीस ओळींचा तयार कोड समोर ठेवतो आणि त्यातली चूक शोधायला सांगतो, कारण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ठरवणे हेच रोजचे काम झाले आहे. उमेदवार कोणती शंका आधी घेतो, कोणती किंमत छापून पाहतो, सीमेवरची उदाहरणे तपासतो का, याकडे माझे लक्ष असते.

हे लिहिताना मला धागाकर्त्याची शिमची गोष्ट आठवली. ती त्याने मुलाखतीत मला सांगितली असती तर मी अर्धा तास त्यावरच बोललो असतो. म्हणून माझे मत थोडे बदलतो: पाठ केलेल्या उत्तरांच्या बळावर येणाऱ्यासाठी वेळ वाईट आहे, आणि तपासनिसाची नजर घेऊन येणाऱ्यासाठी तितकीशी वाईट नाही. तरीही नोकरी सोडून येऊ नये, हे मत कायम आहे.

ऑटोकॅडवाली, मंगळवार, रात्री ८:५०

तपासनिसाच्या नजरेवरून एक जुनी घटना आठवली. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्रॅम आवेगाचे आकडे पौंड-बल सेकंदांत देत होता आणि दुसरा प्रोग्रॅम तेच आकडे न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी चालत होते. ज्याने ड्रॉइंगवर माप लिहिताना एकक विसरले म्हणून शॉप फ्लोअरवर बोलणी खाल्ली आहेत, त्याला हा धोका शिकवावा लागत नाही.

मी स्वतः सिव्हिलची असून पूर्णपणे आयटीत गेले नाही. ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प नावाची भाषा असते. तिच्यात बांधकामातील सळयांचे तक्ते तयार करणारी छोटी साधने लिहिता लिहिता मी संरचना आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या गटात पोहोचले. मेकॅनिकलसाठीही अशी मधली वाट आहे: कॅड आणि सिम्युलेशनची सॉफ्टवेअर, पीएलसी आणि स्काडा (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या आणि त्यांवर नजर ठेवणाऱ्या प्रणाली), गाड्यांमधील एम्बेडेड प्रणाली. तिथे मटेरियल आणि टॉलरन्स समजणारा प्रोग्रॅमर लागतो आणि संगणक शाखेच्या मुलाला ते नव्याने शिकावे लागते. अडचण एवढीच की अशी बहुतेक कामे पुण्यात किंवा बंगळुरूत आहेत, आणि आई-वडिलांसाठी नागपुरात राहायचे असेल तर हा विचार आधी करायला हवा.

खापरीचा प्रवासी, मंगळवार, रात्री ९:३५

नागपुरात राहण्याबद्दल सांगतो. मी रोज मेट्रोने खापरीला उतरून मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला जातो. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या मोठ्या कंपन्या मिहानमध्ये आहेत आणि आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आहे. म्हणजे शहर सोडल्याशिवाय हे काम करताच येत नाही असे आता राहिलेले नाही. मात्र नवख्याची पहिली नेमणूक कुठे होईल हे कंपनी ठरवते. पहिली दोन-तीन वर्षे बाहेर काढण्याची तयारी ठेवावी. माझ्या गटातील बरेच जण पुण्यात उमेदवारी करून परत आलेले आहेत.

परतलेला, बुधवार, सकाळी ७:४५

मी उलट दिशेने आलो आहे. मेकॅनिकलनंतर तीन वर्षे प्रोग्रॅमिंग केले आणि आता बुटीबोरीतील एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. कोणी काढले नाही, पगारही बरा होता. पण दिवसभर पडद्यासमोर बसून संध्याकाळी हातात काही आले असे मला वाटत नसे. इथे बंद पडलेला पंप दुपारपर्यंत चालू होतो आणि मी समाधानाने जेवतो.

धागाकर्त्याला सांगायचे ते हे की तुम्ही ज्या आनंदाविषयी लिहिले आहे तो स्वतःच्या प्रश्नावर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमचा आहे. नोकरीत प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि कोडही बहुधा दुसऱ्याने लिहिलेला असतो. तो वाचण्यात तुमचे मन रमते का, हे राजीनाम्याच्या आधी तपासून पाहा. एखादा मुक्त स्रोत प्रकल्प (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो) उघडा, त्यातील नोंदवलेली एक लहान चूक निवडा आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याच्या मागे लागा. मला हे कोणी सांगितले नव्हते.

अनामिक वाचक, बुधवार, सकाळी ९:१०

‘परतलेला’ यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. धागाकर्त्याने तो नक्की अमलात आणावा.

अभ्यासाच्या क्रमाबद्दल माझे थोडे मत असे. सुरुवात भाषा बदलण्यात घालवू नका. पायथन येते, तिच्यातच पुढे जा आणि सी-कॅटसाठी सी भाषा सोबत ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम शिकताना प्रत्येक गोष्ट आपल्या कामाशी जोडून पाहा. उदाहरणार्थ, क्रमाने लावलेल्या दहा लाख नगांतून एक क्रमांक शोधायचा असेल तर एकेक पाहत गेल्यास दहा लाख तुलना लागू शकतात आणि दर वेळी मधला घेऊन अर्धी यादी सोडून दिल्यास फार तर वीस. हे एकदा कागदावर स्वतः मांडले की पुढची अनेक प्रकरणे सोपी होतात. त्यानंतर एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, कारण तुमच्या त्या एक्सेल फाइलींची खरी जागा डेटाबेसमध्ये आहे. आणि गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आजच सुरू करा. या सर्व विषयांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमात विनामूल्य पाहता येतात. शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे असते.

गेटचा (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) विचार मनात असेल तर २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ही वेगळी प्रश्नपत्रिका सुरू झाली आहे. पण प्रवेशाचे नियम प्रत्येक संस्थेचे निराळे असतात, ते आधी वाचावेत.

हिंगण्याचा यंत्री, तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:५०

सर्वांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण सांगितलेले थोडे करून मगच लिहायचे असे ठरवले होते.

क्लासचा विचार सोडला आहे. मी ‘हमी’चा अर्थ लेखी मागितला, तेव्हा मला पुन्हा फोन आला नाही. नोकरी सोडलेली नाही. पुढच्या सी-कॅटला बसणार आहे आणि फर्स्ट शिफ्ट नसलेल्या आठवड्यांत पहाटे पाच ते सात सी भाषा करतो. ‘परतलेला’ यांचे ऐकून एका मुक्त स्रोत प्रकल्पातील चूक निवडली. नऊ दिवस मला त्या कोडमध्ये कुठून शिरावे हेच कळत नव्हते, आणि दहाव्या दिवशी चूक सापडली ती सीमेवरच्या एका किमतीत. दुरुस्ती पाठवली आहे, अजून स्वीकारलेली नाही. ते नऊ दिवस मला कंटाळवाणे वाटले नाहीत, एवढे प्रामाणिकपणे सांगू शकतो.

बाबांना उत्तर देण्याऐवजी मी त्यांना प्रोग्रॅमच दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण अहवाल वाचला, भटकरांविषयी सांगितले तेही ऐकून घेतले, आणि मग विचारले की तपासनिसाने २५.४ ऐवजी चुकून २५४ भरले तर हा काय करील. मी करून दाखवले. प्रोग्रॅमने नग नापास केला. बाबा म्हणाले, “नग चांगला आहे रे, माप भरणारा चुकला आहे. तुझा प्रोग्रॅम चांगला नग भंगारात टाकतो आहे.” त्यांनी चाळीस वर्षे हे पाहिले आहे आणि माझ्या ते एकदाही लक्षात आले नव्हते. आता माप अशक्य वाटण्याइतके दूर असेल तर नग नापास न करता पुन्हा मोजायला सांगणारा भाग लिहितो आहे. किती दूर म्हणजे अशक्य, ही मर्यादा कशी ठरवावी यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही. तिप्पट टॉलरन्स मला पुरेसे वाटते, बाबांना दहापट हवे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जुना विजेचा अभियंता, रविवार, सकाळी ८:०५

बाबांचे म्हणणे आधी नीट समजून घ्या. यंत्रातले हत्यार झिजले तर माप हळूहळू सरकते आणि तीनपट टॉलरन्सपर्यंत खरेच जाऊ शकते. तो नग खरोखर नापास आहे आणि तो ‘पुन्हा मोजा’मध्ये जाऊन अडकता कामा नये. दशांश चिन्ह विसरल्यास मात्र माप दहापट होते. मागील सहा महिन्यांच्या फाइली काढा, नापास झालेल्या प्रत्येक मापाचा मर्यादेपासूनचा फरक एका आलेखावर मांडा, आणि दोघे मिळून पाहा की मधली रिकामी जागा कुठे पडते.